सकाळी सातची अंगाई

अंगाईकाकू भर सकाळी सात वाजता अंगाई गायच्या, तीही हिरवी काठाची साडी नेसून आणि ठसठशीत कुंकू लावून. शारजात रोल्ला भागात मी त्यांच्याकडे पेइंग गेस्ट होतो आणि कॉम्प्युटर माझा होता. आपल्याकडे सकाळ झाली की कॅलिफोर्नियात पोरांच्या झोपेची वेळ व्हायची, आणि काकूंचं सगळं गिऱ्हाईक तिकडचं.

सुरुवात माझ्या भाचीपासून झाली. वेबकॅमवर ती भोकाड पसरून रडत होती आणि मी इकडून उगाच टाळ्या वाजवत होतो. काकू चहा घेऊन आल्या, मला खुर्चीतून उठवलं आणि गायला लागल्या. चहा निवायच्या आत पोर झोपली. बहिणीने मैत्रिणींना सांगितलं आणि पंधरा दिवसांत आठ घरं झाली.

त्याच सुमारास काकांच्या काँट्रॅक्टिंग कंपनीत पगार थांबले. मॅनेजर रोज 'इन्शाल्ला, नेक्स्ट वीक' म्हणायचा. दोन महिने ते ऐकून काकूंनी घरामागे वीस डॉलर महिना जाहीर केला. म्हणजे त्र्याहत्तर दिरहम, म्हणजे नऊशे रुपये, असं त्या मोठ्याने म्हणाल्या. काका संकोचले. पोरं झोपवायचे पैसे घ्यायचे?

"तुमचा मॅनेजर नुसत्या झोपा काढायचे घेतो," काकू म्हणाल्या.

त्यांचे नियम कडक होते. सुट्टी नाही, साडी बदलायची नाही. चित्र अडखळत जायचं, तेव्हा पोरं चेहरा नाही, काठ ओळखतात, असं त्यांचं म्हणणं. सिनेमातलं गाणं मागणाऱ्या एका बापाला त्यांनी, तुम्हाला झोप येत नसेल तर वेगळी वेळ घ्या, असं कळवायला लावलं. घरं विसावर गेली तेव्हा त्यांनी तीन पाळ्या केल्या. पहिल्या पाळीत काकाच सोफ्यावर डुलकी घेत आणि त्यांची कंपनीची बस चुके.

एकदा कुणी अनोळखी माणूस आमच्या चॅटमध्ये शिरला आणि त्याने नको ते लिहिलं. काकूंना चष्म्याशिवाय वाचता येईना. काय म्हणतोय, विचारलं, तर मी नुसताच लाल झालो. त्या समजल्या.

"बेटा, कितने दिन से सोया नहीं?" त्यांनी कॅमेऱ्यात बघून विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता गायला सुरुवात केली. तो शेवटपर्यंत थांबला. पुढे आठवडाभर रोज यायचा, गुपचूप ऐकायचा आणि जाताना 'थँक्यू माँजी' लिहायचा. त्याच्याकडून काकूंनी पैसे घेतले नाहीत.

सात महिने घरभाडं आणि किराणा अंगाईवर चालला. मग काकांना रास अल खैमाला नोकरी लागली. राहायला कंपनीची खोली होती, पण तिथे इंटरनेट नव्हतं. शेवटच्या सकाळी काकूंनी एकेका घराचा निरोप घेतला. सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक पाच वर्षांचा रोहन. त्याची बहीण तारा जेमतेम महिन्याची.

"बट हू विल सिंग फॉर तारा?" त्याने विचारलं.

"तू. म्हण बघू."

रोहन म्हणायला लागला. सूर भलतीकडे, निम्मे शब्द गाळलेले. एरवी माझं गुणगुणणंही दुरुस्त करणाऱ्या काकू काही बोलल्या नाहीत. मी वळून पाहिलं तर मान छातीवर टेकलेली, हात मांडीवर उघडे, काकू गाढ झोपल्या होत्या. खाली सामानाचा पिकअप हॉर्न देत होता. मी जिना उतरलो आणि ड्रायव्हरला म्हणालो, "भाई, आधा घंटा रुको."