भैरवनाथाचा डावा कौल

मार्चमधला दुसरा मंगळवार. पहाटे गारवा, नऊनंतर कडक ऊन, वारा अजिबात नाही.

माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद अशी सुरू होते. आता त्या दिवसापासून मी देवासमोर जी माती खाल्ली, ती कोणत्या तोंडाने सांगू? पण चहा ओतलाच आहे, तर ऐका.

आमचं घर नेऱ्यात. शेजारीपाजारी सगळ्यांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या, हिंजवडीच्या कंपन्यांतली पोरं राहायला आली. आमच्या मोकळ्या जागेत मात्र माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, सात शेळ्या. मी चार खोल्यांचा नकाशा पट्टीने आखून ठेवला होता. शेळ्या विकायच्या, गोठा पाडायचा.

सुनंदा भांडली नाही. एवढंच म्हणाली, “भैरवनाथाला कौल लावा. द्येवानं हो म्हनलं तर मी सोता शेळ्या बाजारात न्हेते.”

“मान्य. देव सांगेल तेच करायचं,” मी म्हणालो. कारण देव काय सांगणार हे मला ठाऊक होतं. चार खोल्यांना कोण नाही म्हणेल?

आमच्याकडे कौल लावताना देवाच्या छातीवर पाण्याने दोन कळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. पाचव्या मिनिटाला डावी खाली.

“वाऱ्याने पडली,” मी म्हणालो.

सुनंदा घरी गेली आणि माझी वही घेऊन आली. “वाचा.”

वाचलं. वारा अजिबात नाही. अक्षर माझंच, नोंद सकाळचीच.

“मग पाणी कमी लागलं असेल.”

गुरव वैतागला. “आण्णा, म्होरल्या मंगळवारी परत इचारू. पर मग मागं फिरायचं न्हाई.”

“चालेल. कळ्या मी लावतो.”

आता इथून पुढचं हळू सांगतो, सुनंदा आत आहे.

पुढच्या मंगळवारी नैवेद्याला आम्ही घरून डब्यात गूळखोबरं नेलं होतं. त्यातला चिमूटभर गूळ मी ओल्या बोटांत मऊ केला आणि डावी कळी त्याने घट्ट बसवली. उजवी नुसत्या पाण्याने. मनात म्हटलं, देवा, गैरसमज नको, तुला जरा मदत करतोय. काय हा माझा आगाऊपणा!

दहा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. उजवी हलायचं नाव घेईना.

“द्येव इचार करतुया,” गुरव म्हणाला.

“यांचा नकाशा लई मोठा हाय. वाचाया येळ लागनारच,” सुनंदा म्हणाली.

तेवढ्यात देवाच्या पायाशी एक तांबडी रेघ दिसली. मुंग्या. गुडघा, कंबर करत छातीपर्यंत चढल्या आणि तिथून सगळ्या डावीकडे वळल्या. उजवीकडे एक फिरकेना.

गुरव वाकून बघायला लागला. “आण्णा, डावीलाच मुंग्या कशापायी?”

“मुंग्यांचं काय सांगावं,” मी म्हणालो.

गुरवाने कळीखालचा ओघळ बोटावर घेतला, जिभेला लावला. “गूळ हाय.”

“आमच्याच डब्यातला आसनार,” सुनंदा म्हणाली.

मुंग्या मात्र कामाला लागल्या होत्या. बघता बघता डावी कळी सैल झाली, लोंबली आणि पाचपंचवीस मुंग्यांसकट माझ्या पायावर पडली. उजवी होती तिथेच.

मला वाटलं, आता सुनंदा गावभर करणार. तर ती खाली बसली आणि पदराने माझ्या पायावरच्या मुंग्या झटकायला लागली. “चावल्या का वो?”

“चावल्या.”

“मग ऐका की त्याचं. तुमचंच म्हननं व्हतं ना?”

रोज देवाला हात जोडतो मी. पण प्रत्येक वेळी सोबत माझा नकाशा असायचाच. त्या दिवशी पहिल्यांदा नुसतेच जोडले. घरी येऊन नकाशाची गुंडाळी गोठ्याच्या वळचणीला खोचली आणि वही उघडली.

त्या दिवसाची नोंद अशी: कडक ऊन, वारा नाही. कौल डावा. शेळ्या सात. डाव्या पायाला सूज. नकाशा संध्याकाळी थोरल्या शेळीने खाल्ला.