सुमनच्या पापण्या आणि आफ्रिकेतली वेल

"अहो मावशी, आधी ते पाणी मारायचं थांबवा!"

मी ओरडलेच. ओरडल्याशिवाय आमच्या कॅज्युअल्टीत कुणाला काही ऐकू जात नसे. बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी मेडिकल ऑफिसर होते. युसूफ वडगावच्या बाजूच्या एका वस्तीवरून भरदुपारी सुमन नावाच्या तिशीतल्या बाईला जीपमधून आणलं होतं. कडब्याच्या गंजीतून पेंढी ओढताना तिच्या हाताला नाग चावला होता. तिची सासू कौसाबाई तिचे गाल थोपटत होती, बोटांनी पापण्या उघडत होती, तांब्यातलं पाणी तोंडावर मारत होती.

"झोपू नगंस गं सुमे! म्याडम, साप चावल्यावर झोपलं की माणूस जातंय. वाटंभर डोळा लागू दिला न्हाई मी तिचा."

हा समज आमच्याकडे घरोघरी आहे.

"मावशी, ती झोपलेली नाही. तिला सगळं ऐकू येतंय. नागाच्या विषानं नसांचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही, म्हणून तिच्या पापण्या उचलत नाहीत. सुमन, ऐकू येतंय ना? माझं बोट दाब."

तिनं दाबलं. कौसाबाईनं तांब्या खाली ठेवला.

पापण्या मिटल्या म्हणून कुणी मरत नाही. पण पापण्यांनंतर घसा जातो आणि घशानंतर श्वासाचे स्नायू. मला भीती त्याची होती. सर्पविषावरची लस मी सलाईनमधून लगेच सुरू केली होती. पण ती रक्तात फिरणारं विष पकडते. नसांच्या टोकाशी आधीच बसलेल्या विषाचा असर उतरायला वेळ लागतो.

"सुमन, एका दमात आकडे म्हण."

ती चौदापर्यंत गेली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणायला लावले, तर आठवरच दम संपला. आवाजही नाकातून यायला लागला. मी अंबाजोगाईच्या मोठ्या रुग्णालयातल्या आमच्या सीनियर सरांना फोन लावला.

"इकडे पाठवा. व्हेंटिलेटर तयार ठेवतो."

"सर, अ‍ॅम्ब्युलन्स डिलिव्हरीची केस घेऊन गेलीय. यायला तास लागेल."

"बरं. निओस्टिग्मिन दिलंत?"

"नाही सर."

"अहो, मग द्या की! नाडी मंदावू नये म्हणून अ‍ॅट्रोपिन आधी द्यायला विसरू नका."

खरं सांगते, मेल्याहून मेल्यासारखं झालं. औषध मला माहीत होतं, नागाच्या विषावर ते उपयोगी पडतं हेही माहीत होतं, आणि ऐन वेळी डोक्यातून गेलं. वर आमच्या इमर्जन्सी ट्रॉलीत ते नव्हतंच. पण सिस्टर म्हणाल्या, "भूलवाल्या सरांच्या ट्रेमध्ये असतं की मॅडम," आणि पन्नाशीच्या त्या बाई ऑपरेशन थिएटरकडे अक्षरशः पळत गेल्या. ऑपरेशननंतर ढिले केलेले स्नायू परत कामाला लावायला भूलतज्ज्ञ हेच वापरतात. सिस्टरांचे उपकार मी आजही विसरलेले नाही.

इंजेक्शन दिलं. हे औषध निरोप स्नायूपाशी जरा जास्त वेळ टिकवून धरतं, इतकंच त्याचं काम. दहा मिनिटं गेली, फरक नाही. मी अ‍ॅम्बू बॅग, म्हणजे हातानं श्वास द्यायचा फुगा, तिच्या उशाशी आणून ठेवली. कौसाबाई सुनेच्या कानाशी वाकली. "माय माझी, लई बोलले गं तुला. ऐकू येतंय न्हवं? मंग ऊठ."

आणि उजवी पापणी हलली. मग डावी. बघता बघता दोन्ही डोळे अर्धे उघडले. मी आकडे म्हणायला लावले, तर बाई एका दमात अठरापर्यंत गेली! मग सासूकडे बघून नाकातल्या आवाजात म्हणाली, "आत्याबाई, आता पानी नगा मारू."

सिस्टर हसायला लागल्या आणि मी रडायला. डॉक्टरनं पेशंटसमोर रडू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

अ‍ॅम्ब्युलन्स आल्यावर पुढचा डोस भरून घेऊन मी स्वतः तिच्याबरोबर अंबाजोगाईला गेले. व्हेंटिलेटर लागला नाही. आठवड्यानं सुमन चालत घरी गेली.

पुढं बाजाराच्या दिवशी कौसाबाई नारळ घेऊन हजर. "म्याडम, ह्यो तुमाला."

"मला नको. सिस्टरांना द्या."

सिस्टर म्हणाल्या, "मी नुसतं आणून दिलं. गुण औषधाचा."

"मंग त्ये औषध कुठलं?"

आली का पंचाईत! कॉलेजात परीक्षेपुरतं पाठ केलेलं सगळं आठवून सांगितलं. पश्चिम आफ्रिकेच्या घनदाट पावसाळी जंगलात नदीकाठी एक वेल वाढते. तिची बी जहरी. तिथली माणसं पूर्वी आरोपीला ती कुटून पाण्यातून पाजायची. जगला तर निर्दोष. पुढे कुणीतरी त्या जहराचा अभ्यास केला, त्यातलं द्रव्य काढलं आणि त्याच्या नमुन्यावरून हे औषध तयार केलं. ती वेल ज्यांनी ओळखून ठेवली, त्या माणसांचे आभार मानायचे तर मला त्यांचा पत्तासुद्धा माहीत नाही.

"म्हंजी आजून तिथनं बिया आनत्यात?"

"नाही. आता कारखान्यात बनतं."

"मंग त्ये रान गेलं तरी चालतंय."

"मावशी, ही एक वेल सापडली. तिथं अशा कितीतरी वेली आहेत, किडे आहेत, बेडूक आहेत, ज्यांच्याकडे अजून कुणी बघितलेलं नाही. त्यातलं कुणाच्या सुनेला काय उपयोगी पडेल, आज कसं सांगायचं? आणि जंगल तर रोज तोडतायत. बघायच्या आधीच संपतंय."

कौसाबाईनं नारळ टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "तोडत्यात काहून? तोडनाऱ्याच्या घरी कुनाला साप चावत न्हाई व्हय?"

रुग्णालयात औषध संपलं की आम्ही इंडेंट भरतो, म्हणजे वरच्या स्टोअरला मागणी पाठवतो. चार दिवस उशिरा का होईना, खोकं येतं. जंगल संपलं तर कोणत्या स्टोअरला इंडेंट पाठवायचा, हे एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला कुणी सांगितलं नाही.