शेवटच्या पानावरचं नाव

हमालांनी छपाईच्या ट्रेडल मशीनचा पट्टा काढून जमिनीवर टाकला होता. एकजण मशीनच्या बुडाशी बसून पान्याने बोल्ट सैल करत होता. दारात हातगाडी उभी होती आणि गाडीला टेकून माझा दीर. त्याच्या हातात आमच्याच प्रेसमध्ये छापलेली भजनांची पुस्तिका होती, शेवटच्या पानावर उघडलेली.

"वाचा वहिनी," तो म्हणाला. "मुद्रक कोण लिहिलंय? माझा भाऊ. पुस्तक मागच्या वर्षीचं. भाऊ जाऊन किती वर्षं झाली? तुमचं नाव कुठं असेल तर दाखवा."

मी वाचलं नाही. त्या ओळीचे शिशाचे खिळे मीच जुळवले होते. माझी नजर त्याच्या मागे गेली. गटारावरच्या फरशीवर, खांद्याला पिशवी लावून, ती पुण्याची मुलगी उभी होती. माझ्या मनात आलं, हिनेच आणलं ह्याला.

प्रेस बंगळूरला, बळेपेटेतल्या गल्लीत होती. मागे दोन खोल्या, त्यांत मी राहायची. मशीन सासऱ्यांनी घेतलेलं. दोघे भाऊ वेगळे झाले तेव्हा येलहंक्याची जागा धाकट्याला आणि प्रेस माझ्या नवऱ्याला, असं सासऱ्यांनी जेवताना सांगितलं. कागद कुणी केला नाही. पुढे सासरे गेले, मग नवरा गेला. नव्वद सालानंतर गल्लीत जागांना भाव आला, तेव्हा दिराला आठवलं की वाटणी झालीच नव्हती. मशीन उचललं की पुढची खोली रिकामी, ती रिकामी झाली की मागच्या दोन खोल्यांत मला कोण ठेवणार होतं? मी माझ्या लेकीच्या सासरी जाऊन राहणाऱ्यातली नव्हते.

ती पुण्याची मुलगी हातगाडी दारात आली त्याच्या तीन-चार महिने आधी आली. आमच्या ज्ञातीतल्या कुणीतरी पाठवली होती. जयनगरात खोली घेऊन राहायची आणि कसलासा अभ्यास करायची.

"काकू, अडीचशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये आणि डब्लिनमध्ये पुस्तकांच्या धंद्यात खूप बायका होत्या," ती म्हणाली. "छापणाऱ्या, विकणाऱ्या, शिवणाऱ्या. माझा रिसर्च त्यावर आहे."

"मग लंडनला जा."

ती हसली. मी गमतीने म्हटलं नव्हतं.

लंडनची जुनी पुस्तकं ती लायब्ररीत बघायची, पण तिला हाताने चालणारी प्रेस डोळ्यांनी बघायची होती. खिळे कसे जुळवतात, जुळवलेला फर्मा चौकटीत कसा आवळतात, छापलेल्या कागदाच्या घड्या कोण घालतं. बघू दे म्हटलं. पण ती आली की आधी फळीवरचं एकेक पुस्तक काढायची आणि शेवटचं पान उघडायची. माणसं पुस्तक हातात घेतलं की चित्र बघतात, किंमत बघतात. शेवटच्या पानाच्या तळाची ओळ कोण बघतं? एक आम्ही छापणारे आणि दुसरे पोलीस.

मी विचारलं, "हे काय शोधतेस?"

"मुद्रकाचं नाव. तिकडे ते पहिल्या पानावर खाली असायचं. माझी सगळी माहिती त्या एका ओळीतून येते, काकू."

म्हणजे ही कुठल्या तरी सरकारी ऑफिसातून आली असणार, असं मी धरलं. मग कळलं की तिची खोली दिराच्या जयनगरातल्या घरापासून दोन रस्त्यांवर. तेव्हापासून मी तिला चहा द्यायची, पण आतल्या खोलीत कधी नेली नाही. ती बसलेली असताना गिऱ्हाइकाशी कामाचं बोलायची नाही.

बोलायची मात्र तीच. तिकडे छापखानेवाला मेला की त्याची बायको धंदा चालवायची म्हणे. कुणी स्वतःचं नाव छापायची, कुणी 'अमक्याची विधवा' एवढंच. गरीब बायका रस्त्यावर उभ्या राहून चोपड्या विकायच्या आणि मजकूर सरकारला आवडला नाही तर त्यांनाच धरून न्यायचे. लंडनची पुस्तकं डब्लिनमध्ये स्वस्तात परत छापायचे, लंडनवाले बोंब मारायचे, त्या धंद्यातही विधवा होत्या.

"आणि ज्यांनी नवऱ्याचंच नाव चालू ठेवलं?" मी विचारलं.

"त्या सापडायला अवघड जातात. कागदावर तो जिवंतच असतो ना."

"त्यांचे दीर काय करायचे?"

"त्याची नोंद नाही काकू."

"नोंद नसेल. दीर असतीलच."

आमच्याकडे घड्या घालायला एक बाई होती. माझ्या लग्नाआधीपासून तिथेच मांडी घालून बसलेली. सगळे तिला घडीवाली म्हणायचे. तिचं आणि मुलीचं बरं जमायचं.

"काय गं," घडीवाली विचारायची, "त्या गोऱ्या बायका पण खाली बसूनच घड्या घालत होत्या काय?"

"टेबल असायचं म्हणतात, अक्का."

"मग त्यांची कंबर वाचली म्हण. आमच्या ह्या मालकिणीला स्वल्प सांग, जरासं."

तर त्या दिवशी दिराच्या मागे ती मुलगी दिसली आणि माझं डोकं सणकलं. दीर माणूस कसा, तर वर्तमानपत्रसुद्धा सिनेमाच्या जाहिरातीपुरतं बघणारा. त्याला शेवटच्या पानाची तळाची ओळ कुणी दाखवली? पण आधी मशीन होतं.

हमालांना बोल्ट सैल करता आले, मोठं चाक निघेना. ओढून बघितलं, ठोकून बघितलं. चाक मोडलं तर भंगाराची किंमत येईल, म्हणून दिराने पोरगं पाठवून बाजूच्या गल्लीतला मेकॅनिक बोलावला. आमच्या भागात ट्रेडल उघडणारा तो एकच होता. दिराला हे ठाऊक नव्हतं की माझ्या मशीनलाही तोच येतो. प्रेसच्या कामात त्याने कधी लक्ष घातलं असतं तर ठाऊक असतं.

मेकॅनिक चिंधीला हात पुसत आला, पट्टा बघितला, आणि माझ्याकडे वळला. "काय अक्का, कुठं न्यायचं मशीन?"

"मी कुठं नेत नाही."

"मग हे कोण खोलतंय?"

"मी खोलतोय," दीर म्हणाला. "मशीन माझ्या भावाचं. हे बघ, पुस्तकात छापलंय." त्याने ती पुस्तिका मेकॅनिकच्या नाकासमोर धरली.

मेकॅनिकने ती हातात घेतली नाही. "अण्णा, रोलर बिघडला की मला कोण बोलावतं? अक्का. उशीर झाला की शिव्या कोण देतं? अक्का. तुम्ही कोण ते मला माहीत नाही. अक्का म्हणू देत, लगेच खोलतो."

"मी नाही म्हणत," मी म्हटलं.

"सरी, नाही तर नाही." त्याने हमालाच्या हातातून पाना घेतला, खाली बसला आणि बोल्ट आवळायला लागला. समोरचा कागदवाला दुकान सोडून बघायला आला होता, त्याच्या मागे आणखी चार जण. दीर थोडा वेळ ओरडला. मी कोर्टात जातो, ही बाई परक्या माणसांकडून मला अडवते, असं काय काय. मग रिकामी गाडी घेऊन गेला.

मी मुलीकडे गेले. "ह्याची तुझी ओळख कधीपासून?"

तिचा चेहरा उतरला. "मागच्या आठवड्यात ते आले होते. तुम्ही कागद आणायला गेला होतात. त्यांनी विचारलं काय करतेस, म्हणून मी सांगितलं. पुस्तक दाखवलं. म्हटलं, वहिनी एवढी वर्षं चालवतायत आणि नाव अजून तुमच्या भावाचंच आहे, तिकडच्या विधवांसारखं. मला वाटलं त्यांना अभिमान वाटेल."

"कुणाचा?"

"तुमचा."

"आणि आज?"

"आज मी आपली आले होते. गाडी बघून थांबले."

घडीवाली म्हणाली, "खरं बोलते ती. मागच्या आठवड्यात मी इथंच होते."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी?"

मुलगी रडायच्या बेताला आली होती. तरी तिने विचारलंच, "काकू, तुम्ही स्वतःचं नाव का नाही घातलं?"

"आमची निम्मी कामं लग्नपत्रिकांची," मी म्हटलं. "पत्रिकेच्या खाली विधवेचं नाव कोण छापून घेईल? मेलेल्या पुरुषाचं चालतं, तो मेलाय हे वाचणाऱ्याला कळत नाही. तुझ्या त्या बायका लग्नपत्रिका छापत नसतील."



पट्टा परत चढेपर्यंत दुपार झाली. टेबलावर एका लग्नपत्रिकेचा फर्मा आवळून तयार होता, दुसऱ्या दिवशी द्यायची होती. मी तो सैल केला. तळाची ओळ काढली, खिळे खणात टाकले आणि माझं नाव जुळवलं. घडीवाली म्हणाली, काम जाईल. जाऊ दे म्हटलं, मशीनच गेलं तर काम घेऊन काय करू.

नवरीच्या बापाने पत्रिका मोजून घेतल्या, मुहूर्त बघितला, व्याह्यांचं नाव बघितलं आणि गेला. नंतर दोन गिऱ्हाइकांना ती ओळ दिसली. एकाने ती काढायला लावली, दुसरा परत आला नाही. मी मॅजिस्ट्रेटच्या ऑफिसात जाऊन प्रेस मी चालवते असं माझ्या नावाने लिहून दिलं. ती मुलगी बरोबर यायला तयार होती, मी नको म्हटलं. कारकुनाने नवऱ्याचं नाव विचारलं. मी सांगितलं, आणि तो वारला हेही सांगितलं.

दिराने वकिलाची एक नोटीस पाठवली. मेकॅनिक आणि घडीवाली साक्षीला तयार आहेत, असं माझ्या वकिलाने उलट कळवलं. त्यापुढे काही आलं नाही. मुलगी अभ्यास संपवून गेली. जाताना पाया पडली. माझ्याबद्दल तिने काय लिहिलं ते इंग्रजीत असणार, मला ठाऊक नाही. तिच्याबद्दलचा संशय माझ्या मनातून पुरता गेला, असं मी म्हणणार नाही.

प्रेस मी आणखी काही वर्षं चालवली, मग हात थरथरायला लागले आणि बंद केली. मशीन मीच विकलं. मागच्या खोल्यांत मी अजून आहे. दीर गेला. मेकॅनिक त्याच्या आधी गेला. घडीवाली आहे, तिला आता दिसत नाही.