वागिराच्या दोन गायी

वागिरा आमच्या गावातली सगळ्यात भांडकुदळ बाई. मी दुधाचा ट्रक चालवायचो. तिच्या दुधात पाणी आहे असं एकदा म्हणालो, तर तिनं भरलेली किटली माझ्या डोक्यावर ओतली. "चाटून बघ, मग बोल," म्हणाली. तेव्हापासून मी तिच्यापुढे तोंड उघडत नव्हतो.

गावावरच्या ज्वालामुखीच्या डोंगराला आम्ही आजोबा म्हणतो. आजोबा खवळले की सगळे खाली छावणीत जातात, आणि पुरुष रोज सकाळी पुन्हा वर येतात, गोठ्यातल्या गायींना गवत कापून घालायला. गाय उपाशी असताना आमच्या घशाखाली भात उतरत नाही. एकदा वागिराचा नवरा पार्तो असाच वर गेला. त्याला चादरीत गोळा करून आणावं लागलं. कोयत्याच्या मुठीवरून तिनं ओळखलं.

त्यानंतर सोळा वर्षांनी पुन्हा इशाऱ्याचे बांबूचे ठोके वाजले तेव्हा तिची तयारी झाली होती. जमिनीचे कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, तांदूळ, सुकी मासळी, तोंडाला बांधायला ओली फडकी. भरदुपारी राखेनं अंधारलं होतं. मी ट्रक दारात लावला.

तिचा एकुलता एक मुलगा तुगिमान म्हणाला, "दादा, गायी घेता येतील?"

"माणसंच मावत नाहीयेत."

"मग उद्या सकाळी येतो मी गवत घालायला."

"दावी सोडून दे त्यांची," वागिरा म्हणाली.

"सोडल्या तर शोधत फिरावं लागेल, आई. बांधलेल्याच बऱ्या."

तिनं एकदा गोठ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "जा, शेजारच्या म्हातारीला पाठीवर घेऊन ये."

तो गेल्याबरोबर तिनं सुरा काढला. मला म्हणाली, "गायींचे पाय बांध. आणि तोंड पश्चिमेला कर."

मला नाही म्हणता आलं नाही. तिनं अल्लाचं नाव घेतलं आणि पहिलीचा गळा चिरला. दुसरी गाभण होती. तिनं सगळं पाहिलं होतं. तिची लाथ माझ्या बरगडीत बसली, दोर तुटला, आणि वागिराला तीन वार करावे लागले. रक्त राखेत मिसळून चिखल झाला. 

म्हातारीला ट्रकमध्ये बसवून तुगिमान गोठ्यात आला. आधी त्याला कळेचना. मग त्यानं आईच्या तोंडावर ठोसा मारला, आणखी एक मारला. मी त्याला ओढून धरलं म्हणून, नाहीतर तिला त्यानं ठारच केलं असतं.

वागिरानं दोन दात थुंकले. "वर यायचं काही काम उरलं नाही आता," म्हणाली. "बस ट्रकमध्ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी छावणीतून अकरा जण गवत कापायला वर गेले. साडेनऊला आगीचा ढग उतरला. एकही परत आला नाही. तुगिमान छावणीत होता, आईकडे पाठ करून बसलेला.

याला सात वर्षं झाली. नव्या वस्तीत तो तिच्यापासून तीन घरं सोडून राहतो, पण बोलत नाही. मला त्याचा राग येतो. काल मी न राहवून तिला म्हणालो, "तुला बघून अजून थुंकतो तो. मी समजावू का त्याला?"

"थुंकू दे," वागिरा म्हणाली. "थुंकतोय म्हणजे आहे."