लाल ठिपक्याचं ताट

विजयश्रीचं ताट वेगळं ठेवता यावं म्हणून सासूने त्याला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला आणि तिचं डोकं सटकलं. सटकणारच हो. ओठावरचे फोड तिला लहानपणापासून यायचे, ताप आला की हमखास. या वेळी खालीही आले. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं, "हर्पीसचे दोन्ही प्रकार आहेत. वरचा बहुतेक लहानपणीचा, घराघरात असतो. खालचा शरीरसंबंधातून येतो. औषधाने आटोक्यात राहतो, पण अंगातून जात नाही. नवऱ्यालाही घेऊन या."

नवरा ज्योतीराम गेलाच नाही. 'मला काय धाड भरलीय' म्हणाला आणि शिफ्टला निघाला. लग्नाला सहा वर्षं झाली, विजयश्रीने परक्या पुरुषाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, आणि रहाटणीच्या त्या दोन खोल्यांत गुन्हेगार ठरली ती. सासू इंदुताईंनी तिची बॅगच भरली. "औशाला माहेरी जा. पूर्ण बरी झालीस की ये." आता जे दुखणं अंगातून जातच नाही, त्यातून पूर्ण बरी कधी होणार? ही कायमची पाठवणी होती, एवढं न कळायला ती काही दूधखुळी नव्हती.

चाकणच्या कंपनीत ती क्वालिटीला होती. तिथे एक नग खराब निघाला की त्याला लाल स्टिकर लावून कोपऱ्यात टाकून भागत नाही. अख्खा लॉट थांबवतात, एकेक नग तपासतात.

रविवारी जेवायला तिने तीन ताटं मांडली. तिन्हींवर लाल ठिपका.

"हे काय गं?" इंदुताईंनी विचारलं.

"आत्या, मागच्या महिन्यात तापात तुमच्या ओठावर काय आलं होतं? तेच माझ्या ओठावर येतंय."

इंदुताईंचा हात आपसूक ओठाकडे गेला. विजयश्री नवऱ्याकडे वळली. "आणि खालचं मी माहेराहून आणलेलं नाही. उद्या तपासायला चला. नाहीतर बॅगेत तुमचे कपडे भरते. या खोल्यांचा भाडेकरार माझ्या नावावर आहे."

ज्योतीरामने ताट बाजूला सारलं. म्हणाला, "आई, तिचा दोष नाही. लग्नाआधी मला झालं होतं. गोळ्यांनी गेलं असं वाटलं, म्हणून बोललो नाही."

इंदुताई उठल्या आणि सुनेचे कपडे परत काढायला बॅगेची चेन उघडू लागल्या.

"तुम्ही बसा आत्या. बॅग हे रिकामी करतील."

आणि या घरात पहिल्यांदाच, कुणासाठी न थांबता, विजयश्री जेवायला बसली.