भास्करच्या निबंधातल्या मुली

वाटूर फाट्यावर चहा घेत होतो, तेव्हा भास्करच्या बायकोचा, वहिनींचा, फोन आला. भास्कर झोपेतच गेला... खोटं कशाला सांगू, पहिली भावना दुःखाची नव्हती. आता ते कुणालाच कळणार नाही, असं मनात आलं. मग माझी मलाच किळस आली आणि कप तसाच ठेवून मी बाकावर बसून राहिलो.

डॉ. भास्कर माझा शाळेपासूनचा मित्र. अपस्माराचा, म्हणजे आपल्या भाषेत फिटचा, मोठा अभ्यासक. शहरात नाव झालं तरी फिट आली की चप्पल हुंगवणारी आपली गावं त्याच्या डोक्यातून गेली नव्हती. कुणाकुणाला फिट येतात हे घरोघर विचारायचं त्यानं ठरवलं आणि कुंभार पिंपळगावचे फॉर्म माझ्याकडे दिले. मी तिथं शिक्षक. "तुला लोक खरं सांगतील, नाम्या," म्हणाला. एवढा हुशार माणूस, पण इथं साफ चुकला. सोयरीक घेऊन आलेले पाहुणे आमच्याकडं आधी गुरुजींना गाठतात. मुलगी कशी, घर कसं, सगळं विचारून घेतात. मग लग्नाची मुलगी असलेल्या घरात मला खरं कोण सांगणार? आया दारातूनच "न्हाई" म्हणायच्या आणि माझ्याच वर्गात फिट येऊन पडलेल्या मुलीच्या नावापुढं मी निमूट 'नाही' लिहायचो.

माझी धाकटी बहीण त्याच गावात दिलेली. तिच्या मुलीला, संगीताला, मी दोनदा अंगणात आचके देताना पाहिलं होतं.

"दादा, लिहू नको रे. पाहुणे येऊन राह्यले."

"नाव कुठं छापून येत न्हाई."

"तरी बी नको. बिलकुल नको."

तिच्याही फॉर्मवर मी 'नाही' लिहून टाकलं.

त्या फॉर्मांवरून लिहिलेला भास्करचा शोधनिबंध गाजला. या भागात बिनलग्नाच्या मुलींना फिट फारच कमी येतात, असं त्यात निघालं होतं. देशोदेशीचे संशोधक त्याचा दाखला देऊ लागले. प्रत्येक वेळी तो फोन करायचा, "आणखी एकानं आपला दाखला दिला रे!" मी अभिनंदन करायचो आणि विषय बदलायचो.

संगीताचं लग्न झालं. सासरी कुणाला दिसायला नकोत म्हणून गोळ्या माहेरीच राहिल्या. पुढच्या उन्हाळ्यात ती मोसंबीच्या बागेतल्या शेततळ्यावर गेली, ती परत आलीच नाही. पाय घसरला, असं सगळे म्हणाले. भास्कर भेटायला आला तेव्हा बहिणीनं गोळ्यांचा डबा त्याच्यापुढं ठेवला. "मीच नेऊ दिल्या न्हाईत, डॉक्टर," एवढंच बोलली. त्यानं पाकिटावरचं फिटच्या गोळीचं नाव वाचलं आणि माझ्याकडं पाहिलं. बाहेर आल्यावर विचारलं, "असे फॉर्म अजून किती, नाम्या?"

फोन त्यानंतरही येत राहिले, पण आवाज बदलला. "आज पुन्हा एक दाखला..." एवढंच म्हणून ठेवून द्यायचा. एकदा म्हणाला, "लांबच्या कुठल्या तरी आरोग्य योजनेत मुलींची फिटची तपासणीच गाळलीय. आधाराला आपला निबंध लावलाय." त्याला चूक छापून कबूल करायची होती. "नावं नकोत मला. खोटे फॉर्म किती, तेवढं सांग." मी म्हणायचो, "बघू." त्या मुली आता नांदताहेत, कुणाचा संसार मोडायचा का, असं कारण द्यायचो. खरं कारण एवढंच, की मोजायला बसलो असतो तर संगीताही मोजावी लागली असती. दोन वर्षं मी "बघू" म्हणत राहिलो.

तेरावं झाल्यावर वहिनींनी मला त्याच्या खोलीत नेलं. टेबलावर फॉर्मांचा गठ्ठा होता आणि निबंध छापणाऱ्यांना लिहिलेलं पत्र. सगळी चूक त्यानं स्वतःवर घेतली होती, माझा उल्लेखही नाही. फक्त आकड्याची जागा कोरी. "ही नामदेवच भरील, म्हणायचे," वहिनी म्हणाल्या. "रोज सकाळी पत्र उघडून बघायचे, मंग नाष्टा."

मी त्याच्या खुर्चीत बसून दुपारपर्यंत मोजलं. संगीताही मोजली. आकडा लिहिला, खाली माझं नाव घातलं आणि पत्र पाठवून दिलं. पण जुना निबंध वाचून जिथं जिथं मुलींना गाळलं, तिथं हे पत्र कधी पोहोचेल, पोहोचेल तरी का, कुणास ठाऊक. तोवर त्या मुली पाण्यावर एकट्याच जात राहतील.