आमच्या तालुक्यातला संगमरवर

कापसाने जिल्ह्याला रडवलं त्या वर्षांत आमच्याकडे सारखं कोणी ना कोणी वर्गीकरण करायला येत असे. मंडळी जीपमधून उतरायची, बोंडं उकलून पाहायची, माणसांना सरकारी मदतीस पात्र आणि अपात्र अशा दोन रकान्यांत बसवायची आणि जेवून परत जायची. त्याच धामधुमीत राळेगाव तालुक्यातल्या एका शाळेत मी मुलांना खडकांचे प्रकार शिकवत होतो. अग्निजन्य, गाळाचे आणि रूपांतरित. माझ्याकडे निदान तीन रकाने होते.

माझं घराणं यवतमाळचं, कारकुनांचं. आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या फायली उचलल्या गेल्या. दगड उचलणारा मी पहिला. शिक्षणसेवक म्हणून माझी मुदत भरत आली होती. तपासणीत विस्तार अधिकाऱ्यांनी 'समाधानकारक' म्हटलं की मी कायम होणार होतो, आणि कायम झालो की माझं लग्न होणार होतं. होणारे सासरे सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी साखरपुड्यातच, तोंडात पेढा असताना सांगून टाकलं, "ऑर्डर हातात आली की मुहूर्त काढू." मुलगी मला पसंत होती. फारच पसंत होती.

अधिकारी साहेबांना खडकांचा शौक आहे असं कळल्यावर मी कपाटातली नमुन्यांची पेटी उघडली. चिठ्ठ्या सगळ्या जागेवर होत्या, दगड तेवढे नव्हते. चौकशी केली तर एकही चोरीला गेला नव्हता. सगळे कामाला लागले होते. प्युमिस हेडसरांच्या न्हाणीत टाचा घासत होता. वालुकाश्मावर शिपाई विळ्याला धार लावत होता. कोळसा एका हिवाळ्यात स्टाफरूमच्या शेगडीत गेला होता. संगमरवराचं मात्र कोणालाच काही आठवत नव्हतं.

मी मुलांना दगड आणायला सांगितलं. त्यांनी काळा आणला, जास्त काळा आणला आणि शेणाने माखलेला काळा आणला. आमच्याकडे कुठेही खणा, बेसाल्टच लागतो. एकाने शेंदूर लावलेला आणला. होता तोही अग्निजन्यच, पण टेबलावर ठेवताच सगळ्या शिक्षकांनी चपला काढल्या. नारळ फोडून त्याला परत जागेवर बसवायला हेडसरांनी मलाच पिटाळलं. वणीकडच्या एका नातेवाइकाने चुनखडक आणि कोळसा पाठवला, तेव्हा गाळाचा रकाना भरला. रूपांतरितचा रिकामाच राहिला. मला तिथे माझं लग्न अडकलेलं दिसत होतं.

तपासणीच्या सकाळी तांड्यावरच्या एका मुलीने दप्तरातून पांढराशुभ्र तुकडा काढला. "सर, हा चालते का?"

मी नाचायचा तेवढा बाकी राहिलो. कुठून आणला हे विचारायचं सुचलंच नाही. खडबडीत बाजू वर ठेवून मी त्याला 'संगमरवर' अशी चिठ्ठी लावली.

साहेब आले. पेटीवरून त्यांचा हात नववधूच्या दागिन्यांवरून फिरावा तसा फिरला आणि संगमरवरावर थांबला. संगमरवर कशावरून, असं त्यांनी विचारलं. मी आम्लाची बाटली काढली. थेंब टाकला की फसफसतो. साहेब म्हणाले, खडबडीत बाजूवर नको, गुळगुळीत बाजूवर टाका, पोरांना चांगलं दिसेल. मी दगड उलटा केला. त्यावर काळ्या ठसठशीत अक्षरांत कोरलेलं होतं, 'शुभहस्ते'.

हेडसरांनी डोळे मिटून घेतले. गावाबाहेर सूतगिरणीची जागा होती. गिरणी नव्हती, पण ओट्यावर कोनशिला होती. इथला कापूस इथेच कातायचा असं भाषणात ठरून ती बसवली होती.

"तूच फोडला का हा?" साहेबांनी मुलीला विचारलं.

"नाही जी. त्या ओट्यावर बकऱ्या चढतेत, त्याचा कोपरा तुटून पडेल होता. गिरणी होणार होती म्हणे तिथं. मंग दगडच राह्यला."

मला डोळ्यांसमोर सासरे दिसत होते, तोंडातला पेढा परत काढताना. साहेबांची अडचणही मला कळत होती. खरं लिहिलं तर कोनशिला तुटली कशी, राखण कोणाची, आणि मुळात गिरणी कुठे आहे, असे प्रश्न वरून आले असते. वरच्यांना प्रश्न पडू देणं हा त्या काळात जिल्ह्यातला सगळ्यात मोठा गुन्हा होता.

"मास्तर, चिठ्ठीवर सापडल्याचं ठिकाण लिहिलं नाही तुम्ही," शेवटी ते म्हणाले. "स्थानिक लिहा."

"पण साहेब, आपल्याकडे संगमरवर..."

"सापडला ना? मग स्थानिक."

मी दगडाची खडबडीत बाजू पुन्हा वर केली आणि 'स्थानिक' लिहिलं. साहेबांनी मुलीची पाठ थोपटली, चहा घेतला आणि जाता जाता मला समाधानकारक ठरवलं. ऑर्डर आली, मुहूर्त निघाला. जेवणाच्या पंक्तीत सासरे व्याह्यांना सांगत होते, जावई खडकांतला तज्ज्ञ आहे.

इकडे मुलांना खाणच सापडली होती. पाण्याची टाकी, धान्याचं गोदाम, बाजाराची शेड, जिथे जिथे फक्त कोनशिलाच उभी होती तिथून तुकडे येऊ लागले. सगळ्यांना मी इमानेइतबारे 'स्थानिक' लावत गेलो. मग एक मुलगा शाळेच्या मागच्या बाभळींतून एक तुकडा घेऊन आला. त्यावर 'विज्ञान प्रयोगशा' इतकं वाचता येत होतं. हेडसरांनी तो हातात घेतला, खिशात टाकला आणि मला म्हणाले, "खडक झाले आता. वनस्पती घ्या."